कार्सोच्या माथी मारलेला घाव

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ दगड फोडायला वापरतात तसला, एका बाजूने चौकोनी आणि दुसऱ्या बाजूने टोकदार. सध्या माझा मुक्काम सिंगापूरच्या एका संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. तुम्ही म्हणाल, काय भाग्य आहे! पण माझी मान खाली आहे. का, ते ऐका.

मला जर्मनीतल्या एका डोंगराळ गावी लोहाराकडून घडवून घेतले ते आल्ब्रेख्त लिंडेनफेल्स नावाच्या तरुणाने. त्याचे वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत मुकादम होते. लहानपणी एका पाटीत त्याला अख्खा मासा सापडला, काट्यांसकट दगड झालेला. तेव्हापासून पोरगा दगडांच्या नादी लागला. शिकला, प्राध्यापक झाला आणि लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे ओळखण्यात त्याने मोठे नाव कमावले. मी सदैव माझ्या या साहेबांच्या कमरेला असे. सभांमध्ये टाळ्या त्यांना मिळत आणि छाती माझी फुगे.

सुमारे नव्वद वर्षांपूर्वी साहेब जावा बेटावर गेले. तिथे नदीच्या काठी खोदकाम चाले. त्या कामावर कार्सो नावाचा एक वयस्क माणूस होता. दगड आणि हाड यांत फरक कळेनासा झाला, की कार्सो तुकड्याला जीभ लावून पाही. साधा दगड चिकटत नाही, पण दगड झालेले जुने हाड जिभेला हलकेच चिकटते. त्याची जीभ कधी चुकली नाही. लोखंडाच्या नावाने त्याच्याकडे काही नव्हते. बांबूची एक काडी आणि नारळाच्या काथ्याचा कुंचा, एवढीच त्याची हत्यारे.

एके दिवशी त्याने हत्तीच्या एका प्राचीन पूर्वजाचा जबडा शोधला. सगळ्या दाढा जागच्या जागी! साहेब आनंदाने खाली बसले. कार्सो म्हणाला, "तुआन, तीन दिवस थांबा. हाड ओलं आहे. सावलीत सुकू द्या, मग हलवू." तुआन म्हणजे साहेब.

पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विद्यापीठाचे प्राध्यापक पाहुणे यायचे होते. जबडा टेबलावर मांडून त्यांना दाखवायचा, असे साहेबांनी मनात धरले. त्यांनी मला उपसले आणि घाव घातला. मी चौकोनी बाजूने आतवर रुतलो. जबड्याचे चार तुकडे झाले आणि पुढच्या दाढेचा भुगा झाला.

मित्रांनो, चूक एवढीच असती तर मी ती विसरलो असतो. कार्सोने डोक्याचे फडके सोडले, त्यात तो भुगा कणकण वेचून भरला आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिला. त्याच संध्याकाळी साहेबांनी अहवालात लिहिले, 'कार्सो नावाच्या मजुराने निष्काळजीपणे पहार मारल्याने जबडा फुटला.' कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्या पानावर मलाच ठेवले होते. मी ते खोटे दाबून बसलो. कार्सोला कामावरून काढले. ती ओळ छापून सगळीकडे गेली, आणि पुढे कुठल्याच खोदकामावर त्याला कोणी उभे केले नाही.

साहेब नंतर महायुद्धात कैदेत गेले, सुटल्यावर सिंगापूरला आले, इथे त्यांनी शिकवले, आठवणींचे पुस्तक लिहिले आणि इथेच ते वारले. मी त्यांच्या पेट्यांमध्ये गंजत पडलो. खरे सांगू? त्या अंधारात मला बरे वाटत होते. कोणी पाहत नव्हते ना!

मग गेल्या वर्षी साहेबांच्या जीवनकार्यावर प्रदर्शन ठरले. फलकांचा मजकूर लिहायचे काम रत्नदीपकडे आले. तो मूळचा नांदेडचा, इथे संशोधक आहे आणि वुडलँड्स भागातल्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याने माझा गंज तेलाने हळूहळू पुसला, तसा मी जास्तच घाबरलो. फलकाच्या कच्च्या मजकुरातही जुनेच वाक्य होते, कार्सो आणि त्याची पहार.

साहेबांच्या पेट्यांतूनच निघालेले जबड्याचे तुकडे जुळवताना रत्नदीप थबकला. पहारीचा घाव असा चौकोनी कसा? दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मुलीची, क्षिप्राची, खेळातली माती आणली आणि माझा चौकोन तिच्यात दाबला. माझा एक कोपरा तरुणपणीच एका कठीण दगडावर उडाला होता. मातीतला ठसा आणि जबड्यावरचा घाव हुबेहूब जुळले, उडालेल्या कोपऱ्यासकट. मग त्याने साहेबांचे आठवणींचे पुस्तक उघडले. त्यात लिहिले होते, 'चाळीस वर्षांत या हातोड्याला माझ्याखेरीज कोणाचाही हात लागलेला नाही.' ज्या वाक्याने मी एकेकाळी फुशारलो, त्याच वाक्याने आम्हा दोघांना पकडून दिले. मी पोलादाचा, पण शरमेने पाणी पाणी झालो.

रत्नदीपने हे आपल्या वरिष्ठ मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, "बोर्ड उद्या प्रिंटला जातोय. जर्मनीहून गेस्ट येणार आहेत. नव्वद वर्षांनी कोण विचारणार, लाह?" इथे वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची सवयच आहे. पुन्हा पाहुणे आणि पुन्हा घाई!

रत्नदीपने आईला फोन लावला. बेबीताई नातीकडे राहायला आल्या होत्या. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "दीपू, तुझ्या आजोबांनी खणलेल्या विहिरीवर पाटलाचं नाव आहे. अजून हाय ते. आता तुझ्या हातात लेखणी हाय, तर तू काय करणार?"

तो परत गेला आणि मॅडमच्या टेबलावर मातीचा ठसा ठेवून म्हणाला, "मजकूर असाच जाणार असेल, तर लेखक म्हणून माझं नाव काढा." मॅडमनी ठसा उचलला, जबड्यावर धरून पाहिला. "ओके, बदल," त्या म्हणाल्या. "पण आजच्या आज."

आता फलकावर लिहिले आहे: 'जबडा शोधणारा: कार्सो. तो घाईने फोडणारे: डॉ. लिंडेनफेल्स.' खाली मी आहे.

उद्घाटनाला क्षिप्रा आजीचा हात धरून आली. फलक वाचून तिने विचारले, "आजी, कार्सो अंकलला सॉरी कोण म्हणालं?"

"कुणीच नाही, बाई. ते दोघंही गेले."

"मग हॅमरने म्हणायचं! मस्ट से सॉरी, लाह!"

"त्याला कुठं बोलता येतं, पोरी?"

खरे आहे, मित्रांनो. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते. ज्याच्यावर तुमची चूक ढकललीत तो माणूस अजून हाकेच्या अंतरावर असेल, तर आजच जा.