दोन उतारांमधली पाटी

मित्रांनो, डोंगराच्या खांद्यावर उताराला दोन फाटे फुटतात, तिथे मी उभी असते. मी एक जुनी लाकडी पाटी आहे. कॉलिन सुताराने गोठ्याच्या मोडक्या दारातून मला कापलं आणि आपल्या स्की क्लबला दिलं. डावीकडे त्याने हिरवा गोल रंगवला. तो शिकाऊंचा उतार. पसरट, मऊ, पडलं तरी हसू यावं असा. उजवीकडे काळा शंकरपाळा. ती उस्तादांची घळ. तिथे पाय चुकला की थेट खडकांवर.

नव्या नवलाईत सगळे मला वाचायचे, मला टेकून चहा प्यायचे. मग डोंगर पाठ झाला आणि वाचणं सुटलं. ओला ढग यायचा, माझ्या अंगावर गोठायचा. मी नुसता पांढरा गोळा होऊन उभी राहायची. कोणी झटकायचं नाही.

गेल्या ऑगस्टात, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, असाच ढग उतरला. खालच्या टिमरू गावची बसचालक नोलीन, एकसष्ट वर्षांची, तीनच दिवसांपूर्वी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिलेली, माझ्यापाशी थांबली. तिला खाली नेणारा क्लबचा जुना सभासद गॅविन उजवीकडे वळलाही होता.

"चल की, नोलीन! बसस्टॉप आला का?"

"पाटीवर काय आहे?"

"काही नाही गं. ही खालची पाटी, इथून दोन्हीकडे सोपंच. डोळे बांधून सांगतो."

ढगात त्याचा अंदाज चुकला होता; खालची पाटी तर अजून पुढे होती! मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त दिसता येतं, आणि त्या दिवशी तेही येत नव्हतं.

"तू जा डोळे बांधून," नोलीन म्हणाली. "तीस वर्षांत पाटी न वाचता मी एक वळण घेतलं नाही."

तिने काठीच्या मुठीने मला बडवलं. धप्, धप्! बर्फाची खपली निखळली आणि काळा शंकरपाळा उघडा पडला.

गॅविनचा चेहरा उतरला. "अरे बापरे! घळीत नेत होतो मी तुला."

"मग ये वर. आता बस मी चालवते."

तो स्की आडव्या टाकत, धापा टाकत वर आला. नोलीन डावीकडे वळली, डगमगली, एकदा बदकन बसलीसुद्धा. धुक्यातून तिचं खळखळून हसणं आलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता रोज सकाळी जो पहिला वर येतो, तो मला झटकतो. मित्रांनो, तुम्हाला वाट पाठ असेल, पण मागून येणाऱ्याला ती नवीच असते. कुठे झाकलेली पाटी दिसली, तर हात फिरवून तिचं तोंड मोकळं करा. तुमचा एक क्षण जाईल; कोणीतरी धडधाकट घरी पोचेल.