टिळा नसलेली डिस्क

माझं नाव कुणी विचारलं, तर मी ते लगेच सांगते. पण विचारावं लागतं, मित्रांनो! आपणहून बोलायची सोय आम्हाला नाही. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सुरतेत, डिंडोलीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात सुतळीच्या गुंड्याशेजारी सध्या पडून असते.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या. शेवटी अगदी आतल्या जागी माझी ओळख लिहिली: कंपनी कोणती, क्रमांक कितवा, पोटात मावतं किती. ही ओळख सहजासहजी पुसली जात नाही. तेव्हा मला वाटलं, वा, केवढं माझं भाग्य! आता तसं वाटत नाही. का ते सांगते.

अकरा वर्षांपूर्वी हेमराजभाऊंनी मला घरी आणलं. हेमराजभाऊ मूळचे खानदेशातले. भरतकामाच्या कारखान्यात ते कॉम्प्युटरवर डिझाइन बनवतात. म्हणजे कागदावरचं फूल घ्यायचं आणि मशीनच्या सुईला सांगायचं, इथे टाका घाल, इथे थांब, आता वळ. एका फुलाला हजार-हजार टाके! कारखान्यात केलेली डिझाइनं कारखान्याची. पण बारा तासांची पाळी करून घरी आल्यावर ते जे स्वतःच्या मनाने करायचे, ते माझ्यात ठेवायचे. मोर, कैऱ्या, बाजरीची कणसं. आणि एक वेल.

ही वेल त्यांच्या आईने, सरलाबाईंनी, कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढली होती. चालता चालता ती मध्येच एकदा उलटी वळायची. हेमराजभाऊ म्हणाले होते, "माय, हे वळण चुकलं का?"

सरलाबाई म्हणाल्या, "वेल काय शाळामा जास का रे, सरळ चालाले?"

त्या एका उलट्या वळणासाठी हेमराजभाऊ तीन आठवडे बसले. गेल्या वर्षी खाडीचं पाणी घरात शिरलं आणि कॅलेंडरच्या त्या कागदांचा लगदा झाला. आता सरलाबाईंचे हात इतके थरथरतात की चहाची बशीसुद्धा धरवत नाही. म्हणजे ती वेल जगात एकाच ठिकाणी उरली होती. माझ्या पोटात.

घरात माझा मान मोठा होता, बरं का! दर दसऱ्याला मला बाहेर काढून हळद-कुंकवाचा टिळा लागायचा. माझ्यावरचा छापील कागद त्या कुंकवाने इतका लालकाळा झाला होता की त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. घरचे मला 'टिळावाली' म्हणायचे.

माझं खरं नाव मात्र पहिल्यांदा विचारलं ते जयश्रीने. हेमराजभाऊंची मुलगी, दहावीत आहे. शाळेतल्या महेश सरांनी तिला एक पेन ड्राइव्ह दिला होता. तो लावून तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर तिने 'एचडीपार्म' असं काहीसं टाइप केलं आणि बटण दाबलं. हा आमच्या भाषेतला प्रश्न आहे. अर्थ एवढाच, की बाई, तू कोण?

अकरा वर्षांत पहिल्यांदा! मी घडाघडा सगळं सांगून टाकलं.

"पप्पा! या ना इकडे! डिस्क बोलली!"

"काय म्हणते?"

"स्वतःचं नाव सांगते, नंबर सांगते!"

"मग विचार तिला, जयश्री गणितात पास होणार का."

"पप्पा, तुम्ही ना!" असं म्हणत तिने माझा क्रमांक विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. त्यानंतर तसा दिवस आला नाही.

दिवाळीआधी कापड बाजारातला एक व्यापारी घरी आला आणि पडद्यावर ती वेल बघून खुर्चीतून उठलाच. "हेमराजभाई, आ वेल तो बहु सरस छे! लाभपाचमे लई आवजो." लाभपंचमीला घेऊन या, म्हणाला. दिवाळीनंतरच्या त्या दिवशी सुरतेतली सगळी कामं नव्याने सुरू होतात. त्या दिवशी वेलीचा नमुना पसंत पडला, तर त्याच्या साड्यांची डिझाइनं हेमराजभाऊंनी घरूनच करायची असं ठरलं. बारा तासांची पाळी सुटणार होती. त्या आठवड्यात घरातले सगळे जरा मोठ्यानेच बोलत होते.

मी जुनी झाले होते, कधीमधी कुरकुरत होते. म्हणून हेमराजभाऊंनी मित्राकडून, नवागामच्या हिलालकाकांकडून, दुसरी डिस्क घेतली. घराला नवी, पण एका मिलच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून निघालेली. दिसायला थेट माझी बहीण. बेत साधा होता. आधी तिच्यातलं जुनं पुसायचं, मग माझ्यातली डिझाइनं तिच्यात उतरवायची.

आता चूक कशी झाली ते ऐका.

दिवाळीची साफसफाई जयश्रीने अंगावर घेतली. "या वर्षी कॉम्प्युटर आतून पण चकाचक!" तिने मला बाहेर काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, कुंकवाने चिकटलेला तो कागद चमच्याने खरवडून काढला. माझ्या बहिणीचा कागद मिलवाल्यांनी आधीच फाडला होता. आम्ही दोघी चकचकीत, उघड्या, अगदी सारख्या झालो.

लाभपंचमीच्या सकाळी आम्हाला पाटावर मांडलं. टिळ्यासाठी सरलाबाईंना बसवलं. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, "नवी कोनती?" जयश्रीने त्यांचं बोट बहिणीवर ठेवलं. "नवी पाव्हनी शे. पहिले तिले," असं म्हणत त्यांनी ठसठशीत टिळा लावला. तेवढ्यात त्यांच्या हातून वाटी कलंडली, कुंकू सांडलं. सगळे कुंकू गोळा करायला धावले. माझा टिळा राहूनच गेला.

तोवर हिलालकाका आले. त्यांच्याकडे पुसायचं एक डबडं होतं. डिस्क खोचायची, बटण दाबायचं. ना पडदा, ना प्रश्न. "कोणती साफ करू रे?"

हेमराजभाऊ दारात धोतराचा सोगा आवरत होते. वळूनही न बघता म्हणाले, "टिळावाली राहू दे. दुसरी कर."

"थांबा काका!" वहीचं शेवटचं पान उघडत जयश्री म्हणाली. "कुंकू सांडलं तेव्हा कुणाचा टिळा राहिला, कुणाचा पुसला, मी पाहिलं नाही. मी आधी नाव विचारते. पेन ड्राइव्ह लावते, पाचच मिनिटं!"

"अगं मॅडम, तू बाराखडी गिरवत होतीस तेव्हापासून मी मशीनं खोलतोय. आता डिस्कची जन्मपत्रिका बघू का?"

"पण काका..."

"जयू," हेमराजभाऊ म्हणाले, "दहा वीसला नव्या कामाच्या आरतीचा मुहूर्त आहे. टळला तर व्यापारी काय म्हणेल? नंतर खेळ तुझं ते."

दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. जयश्रीने वही मिटली. हिलालकाकांनी मला उचललं.

मित्रांनो, मी ओरडले असते. पण मला फक्त उत्तर देता येतं, आणि प्रश्न कुणी विचारलाच नाही. बाहेर आरती चालली होती. आत माझ्यावर शून्य लिहिलं जात होतं. शून्य, शून्य, शून्य. आधी मोर गेला. मग कैऱ्या, मग कणसं. वेल सगळ्यांत शेवटी गेली, उलट्या वळणापासून पुढे.

घरोघर पेढे वाटून दुपारी मंडळी परतली, तेव्हा मी कोरी झाले होते. हेमराजभाऊंनी टिळ्याची डिस्क कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर मिलचं फाटक दिसलं. पाळी सुटलेली माणसं, हातात डबे, एकामागून एक बाहेर पडत होती. हेमराजभाऊ ती बघतच राहिले.

जयश्रीने पेन ड्राइव्ह लावला, मला जोडलं आणि तोच प्रश्न टाइप केला. मी उत्तर दिलं, नाव, क्रमांक, सगळं बरोबर. तिने वहीचं शेवटचं पान उघडून एकेक अक्षर ताडून पाहिलं. शेवटच्या अक्षरावर तिचं बोट थांबलं.

"पप्पा, हीच होती."

हिलालकाका खाली बसले. "भाऊ, मला थोबाडीत मार," म्हणाले. हेमराजभाऊंनी त्यांना हाताला धरून उठवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आतल्या खोलीतून सरलाबाईंनी विचारलं, "हेमराज, मनी वेल पसंत पडनी का रे?"

"पडनी, माय," ते म्हणाले.

व्यापाऱ्याने दुसऱ्या कुणाचं डिझाइन घेतलं. हेमराजभाऊ सोमवारी पुन्हा पाळीवर गेले. सुट्टीच्या दिवशी ते आठवून वेल काढायला बसतात. पानं जमतात. ते वळण जमत नाही.

मुलांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवा. टिळा प्रेमाने लावा, पण ओळख टिळ्यावरून ठरवू नका. आणि काहीही पुसण्याआधी एकदा नाव विचारा. पाच मिनिटं लागतात. तुमच्यातली कुणी "थांबा" म्हणाली आणि मोठी माणसं हसली, तरी तिने वही मिटू नये.

जयश्री अजून अधूनमधून मला खणातून काढते, जोडते आणि तोच प्रश्न विचारते. मी माझं नाव सांगते. उत्तर संपलं, तरी ती पडद्यासमोरून हलत नाही. तिला जे विचारायचं असतं, त्यासाठी आमच्या भाषेत प्रश्न नाही, आणि असता तरी सांगायला माझ्याकडे आता एकही टाका नाही.