चादरबाबा आणि वखारीतलं मशीन

"छाया सुटतेय! कुणी हूं की चूं करू नका!" चादरबाबा ओरडला आणि वखारीत जमलेल्या माणसांनी खरोखरच श्वास रोखून धरले. बेकरीवाला होता, खानावळवाला होता, भट्टीवरची माणसं होती. आले होते लाकूड न्यायला आणि थांबले होते चमत्कार बघायला. मधोमध लाकूड फोडायचं मशीन उभं होतं, आणि त्याच्यावर ओलीचिंब पांढरी चादर. बाबा अधूनमधून त्या चादरीखाली हात घालायचा, एका ठरावीक जागी तळवा टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मग मान हलवून म्हणायचा, "अजून आहे!" की पुन्हा बादलीभर मंतरलेलं पाणी, पुन्हा मौन.

तासभर हे असंच चाललं. शेवटी बाबाने हात घातला, चेहरा उजळला आणि त्याने आरोळी ठोकली, "गेली!"

चादर ओढली, इंजिन सुरू झालं. ज्या गाठाळ ओंडक्यापुढे मशीनने मघाशी मान टाकली होती, तोच ओंडका कडाड् करून दुभंगला. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. बेकरीवाला तर पायाच पडला.

फाटकाबाहेर मात्र एकजण दातओठ खात उभी होती. ती वखारीच्या मालकांची, अण्णांची सून. दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून पाय दुखत होते, घर वखारीच्या मागेच होतं, अंथरूण दिसत होतं म्हणा ना, पण आत जायची सोय नव्हती. कारण बाबाने ज्या छायेला हाकललं होतं, ती म्हणे तिनेच आणली होती!

त्याचं असं झालं. अण्णांनी हौसेने नवं कोरं मशीन आणलं. सकाळी ते झकास चालायचं. इंजिन पंप फिरवणार, पंप टाकीतलं तेल ढकलणार, तेलाच्या जोराने दट्ट्या पुढे सरकणार आणि ओंडक्याला पाचरीवर नेऊन चिरणार. पण थोडं काम झालं, की दट्ट्या ओंडक्याला टेकून नुसता कण्हत राहायचा. आणि नेमकी त्याच सुमाराला सूनबाई रात्रपाळीहून परतायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग अण्णाच म्हणाले, "ही आली की मशीन बसतं."

कंपनीकडे तक्रार केली होतीच. कंपनीचा साहेब आला, कडक इस्त्रीचा शर्ट सांभाळत. भल्या सकाळी आला, एक ओंडका फोडून बघितला आणि कागदावर लिहिलं, 'मशीनमध्ये दोष नाही.' पुन्हा तक्रार केली, तो पुन्हा सकाळीच आला आणि पुन्हा तेच लिहिलं. शिवाय जाता जाता म्हणाला, "मशीन उत्तम आहे हो. तुमच्या जागेतच काही असेल तर बघून घ्या."

झालं! शिकलेल्या माणसाने असं म्हटल्यावर अण्णांना काय, आयतंच सापडलं. त्यांनी चादरबाबाला बोलावलं. बाबाने डोळे मिटले, नाक फेंदारलं आणि निदान केलं, "दवाखान्यात रात्री जे जीव सुटतात, ते हिच्या पदराला धरून इथे येतात आणि या लोखंडात शिरतात!" ती ड्यूटीवर पँट आणि कोट घालते, पदर आला कुठून, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. बाबाने उपायही सांगितला. एक तर हिने नोकरी सोडावी, नाहीतर माहेरी जावं.

"अहो, तुम्हीसुद्धा?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी कुठे काय म्हणतोय? पण अण्णांचं मन मोडवत नाही. थोडे दिवस रजा घेऊन बघ ना."

"मागच्या आठवड्यात मी तापाने पडले होते. दवाखान्यात गेलेच नव्हते. तरी मशीन बंद पडलंच ना?"

"बाबा म्हणाले, आधीची छाया शिल्लक होती."

"आणि रविवारी सकाळी सुरू केलं तेव्हा मी मशीनजवळच उभी होते, तरी चाललं!"

"तेव्हा ती निजली होती म्हणे."

तिने कपाळावर हात मारून घेतला. आता या माणसाशी बोलायचं तरी काय? चाललं तरी बाबाचं खरं, बंद पडलं तरी बाबाचंच खरं. भांडायलासुद्धा समोर काहीतरी टणक लागतं. हे म्हणजे पिठाच्या गोळ्यावर बुक्क्या मारणं. रडू आलं ते दुःखाने नाही, संतापाने आलं. नोकरी तिने मेहनतीने मिळवली होती, आणि ती जाणार होती कशापायी, तर एका लोखंडी धुडापायी!

पण फाटकाबाहेर उभं राहून तिने एक गोष्ट पाहिली होती. बाबा हात ठेवतो तो पाचरीवर नाही, इंजिनावर नाही. दर वेळी तेलाच्या टाकीवरच ठेवतो. आणि असा हात ती स्वतः रोज रात्री कितीतरी कपाळांवर ठेवत होती. तो आशीर्वाद नव्हता. ताप उतरला का, ते बघणं होतं!

दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं, तेव्हा कुणाला न जुमानता ती आत शिरली आणि टाकीला हात लावला. चटका बसला तशी तिने हात झटकन मागे घेतला. अण्णा मागून ओरडत होते, पण तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमच्या रिपोर्टात मशीन ओके आहे," साहेब म्हणाला.

"तुम्ही गार मशीनवर एकच ओंडका फोडता. आम्हाला दिवसभर फोडायचे असतात."

"तपासायची पद्धतच तशी आहे."

"रोग्याला पहाटे बघायचं, ताप नाही म्हणून लिहायचं आणि निघून जायचं, अशी पद्धत?"

बरीच हुज्जत झाल्यावर साहेब यायला कबूल झाला. "पण मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका हं," त्याने बजावलं.

अण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "येऊ दे. त्या दिवशी बाबांनाही बोलावतो. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, आणि मग तू नोकरीचं काय ते ठरव."

तिने त्या दिवशी सुट्टी घेतली. सकाळीच नवऱ्याला म्हणाली, "मशीन सुरू करा."

"अगं, साहेब म्हणाले होते, सुरू करू नका."

"म्हणूनच सुरू करा. आजच्या दिवस माझं ऐका, पुढे काही मागणार नाही."

नवऱ्याने अण्णांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, दोरी ओढून इंजिन सुरू केलं. ती मशीनला खेटून उभी राहिली. ओंडक्यामागून ओंडके फुटत गेले. गर्दी जमली. "ही इथे आहे आणि तरी चालतंय!" खानावळवाला पुटपुटला. अण्णांनी त्याच्याकडे डोळे वटारले. तोवर बाबा येऊन टेकला, पाठोपाठ साहेबही आला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत दट्ट्या ओंडक्याला टेकून कण्हायला लागला.

"बघितलंत? छाया!" बाबाने चादर झटकली. "बंद करा मशीन! तासभर मौन!"

साहेबाने कपाळावरचा घाम पुसला. "हे आधीच का सुरू केलंत? बंद करा. जरा गार होऊ द्या, मग बघू."

"थांबा!" ती एवढ्याने ओरडली की इंजिन बंद करायला वाकलेला नवरा तसाच राहिला. "साहेब, आत्ता काय म्हणालात? पुन्हा म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"गार... म्हणजे, थोडा वेळ..."

"बाबा म्हणतात तासभर मौन. साहेब म्हणतात जरा गार होऊ द्या. अहो, दोघं एकच तर सांगताय! एकाला छाया घालवायची आहे, दुसऱ्याला दोष नाही म्हणून लिहायचं आहे, आणि दोघांनाही मशीन गारच हवंय!"

तिने गोणपाटं आणून नळाखाली धरली. ना मंत्र, ना मौन. नवऱ्याकडून इंजिन बंद करवलं आणि टाकीवर गोणपाटं टाकली. "बोला, भांडा, हवी तर गाणी म्हणा," ती म्हणाली. लोकांना तेवढंच हवं होतं. वखारीत बाजार भरल्यासारखा गोंगाट झाला. ती वाळलेली गोणपाटं पुन्हा भिजवत राहिली. तासाभराने तिने टाकीवर हात ठेवला, बाबा ठेवायचा तसाच.

"ताप उतरला," ती म्हणाली, नवऱ्याला इंजिन सुरू करायला लावलं आणि दट्ट्या सोडायचा दांडा स्वतःच्या हाताने ओढला. ओंडका कडाड् करून दुभंगला. छाया आणणाऱ्या बाईच्या हातून!

"आता साहेब, कारण तुम्ही सांगता की मी सांगू?"

साहेबाने इकडेतिकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. "पंप आतून सैल आहे," तो अखेर म्हणाला. "तेल गार असतं तेव्हा दाट असतं, म्हणून भागतं. तापलं की पातळ होतं आणि पंपातल्या पंपातच मागे सुटतं. मग दट्ट्याला जोर मिळत नाही. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आहेत. पण तपासताना चाललं तर दोष नाही असं लिहा, असं आम्हाला वरून सांगितलेलं आहे."

"आणि खापर माझ्या डोक्यावर!"

बाबा चादर गुंडाळून निसटू बघत होता. बेकरीवाल्याने त्याला अडवलं. "अहो बाबा, तुम्ही टाकीच का चाचपायचात?"

"ती... ती छायेची नाभी असते."

आता मात्र सगळे खो खो हसले. पण एकटी ती हसली नाही. तिला त्या हसण्याचाही राग आला. कालपर्यंत हीच माणसं ती दिसली की रस्ता बदलत होती.

"हसू नका," ती म्हणाली. "बाबा लबाड आहे, कंपनी त्याच्याहून लबाड आहे. पण एवढे सगळे तुम्ही, एकानेही टाकीला हात लावून बघितला नाही! मशीन बिघडलं तर मशीन उघडा. माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे न्या. कुणी म्हणालं दोष नाही, तर विचारा, कधी बघितलंत, कसं बघितलंत? आणि कुणी म्हणालं दोष अमक्या बाईचा आहे, तर त्याला पुरावा मागा. प्रश्न विचारायला मंतरलेलं पाणी लागत नाही हो!"

साहेब अण्णांकडे वळला. "झाला प्रकार वाईट झाला. कंपनीतर्फे मी तुमच्या सूनबाईंची माफी मागतो, आणि पंपाचं पुढे बघू..."

"नाही," अण्णा म्हणाले. एवढ्या लोकांदेखत ते सुनेसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "हिची माफी मी मागायची आहे. तुम्ही पंप बदला."