उतावळी म्हणे!

आमच्या घरात ‘उतावळी’ हे दादाच्या धाकट्या लेकीचं दुसरं नावच. चहाला फुंकर न घालता प्यायली, की उतावळी. आलेल्या स्थळाला तिथल्या तिथे नाही म्हणाली, की उतावळी. आणि तिच्या थोरल्या भावाने कुणाला न विचारता दुकानाचा रंग बदलला, तेव्हा दादा काय म्हणाला? धडाडी! मी दादाची बहीण, त्याच्या शिंपीकामाच्या दुकानात काजं-बटणं करते. तोंडाला कुलूप घालणं मला जमत नाही, पण माझं ऐकतो कोण?

एक गिऱ्हाईक आलं. बायको वारलेली, तिचा लोकरी कोट मुलीच्या मापाचा करून हवा होता. कापड तेवढंच, त्यात पाठीला मधोमध, उभ्या रेषेत कसरीने पाडलेली भोकं. कात्री चुकली की संपलं.

दादाने कोट उसवला, मांडला, मोजला आणि घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“बाबा, मी कापू?” धाकटीने विचारलं.

“कात्रीला हात लावलास तर उद्यापासून घरी बस. उतावळी कुठली!”

तिचे डोळे भरून आले. या कामाशिवाय पोरीला दुसरं काही नकोच होतं.

शनिवारी गिऱ्हाईकाचा निरोप आला, सोमवारी मुलीची नवी शाळा, आईचा कोट घालूनच जाईन म्हणते. “होणार नाही म्हणून सांगून येतो,” म्हणत दादा बाहेर पडला. तो वळला न वळला तोच धाकटीने खडू उचलला.

“अगं बये, बाप घरी बसवेल!”

“आत्या, खिडकीतून बाजूला हो. उजेड अडतोय.”

गिऱ्हाईक भेटलंच नाही, म्हणून दादा अर्ध्या तासात परतला. टेबलावर कोटाचे तुकडे. दादा एकेक तुकडा उजेडात धरून बघत राहिला. भोकांच्या रेषेतूनच कापून तिने पाठीचे दोन भाग केले होते. भोकं सगळी शिवणीत जाणार होती.

“हे सुचलं कधी?”

“कोट आला त्याच दिवशी. तेव्हापासून वाट बघतेय, तुम्ही विचाराल म्हणून.”

मला राहवेना. “ऐकलंस दादा? उतावळी म्हणे!”

दादा स्टुलावर टेकला. “मी भ्यालो होतो गं,” तो तिला म्हणाला. “आणि सबुरी म्हणून मिरवत होतो.”

मग तो उठला, “बाह्या राहिल्यात, काप,” म्हणाला, आणि तिने कापलेलं शिवायला मशीनवर जाऊन बसला.