रविवारचा रस्सा

सवयीने पुतळाने पळीभर रस्सा वाटीत घेतला आणि नवऱ्यापुढे धरला. हौसेरावांचा हात पुढे आला, मग मागे गेला.

"नको," ते म्हणाले. "वाटीभरावर माजं भागत न्हाई, तुला ठावं हाय."

तिने वाटी मागे घेतली आणि रश्शात मीठ अंदाजानेच टाकलं.

धान्याचा बाजार मुंबईहून तुर्भ्याला हलला, तसं हे साताऱ्याकडचं जोडपंही इकडे आलं. हौसेराव बाजारात पोती वाहत, पुतळा हमालांची खानावळ चालवी. नवसापायी तिने मटण सोडलेलं. त्यामुळे रविवारी रस्सा चाखायचा मान नवऱ्याचा. मग पंगतीत बसून ते सगळ्यांपेक्षा जास्त जेवत. जेवणाआधी दारूही व्हायची.

त्यांचे थोरले भाऊ गंगाराम ऐन चाळिशीत गेले. पोतं उतरवून छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर बाजारात तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा हौसेरावांनी रक्त तपासायला दिलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेची नळी दाखवली. रक्ताच्या वरचं पाणी नितळ असायला हवं, ते दुधासारखं पांढरं होतं. रक्तात चरबी फार वाढली आहे, तिला ट्रायग्लिसराइड म्हणतात, असं त्यांनी समजावलं. भाऊ असा गेला म्हणजे हा धोका घराण्यातच असेल. दारू बंद, साखर बंद, मटण बंद. ओझी वाहणाऱ्याला काळजाचं दुखणं होत नाही, असं हौसेरावांना आजवर वाटत होतं.

दारू सुटली. चहा बिनसाखरेचा झाला. रविवार मात्र जड जायचा. पंगतीत हात आवरणार नाही, म्हणून ते आत स्टोव्हपाशी एकटेच जेवू लागले.

आज पुतळाने बाहेर सगळ्यांना वाढलं आणि आत येऊन दोन ताटं घेतली. भाकरी, मुगाची उसळ, मेथी. एरवी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. हौसेराव थोडे सरकून बसले.

बाहेर कुणी बुक्कीने कांदा फोडला. कुणी गावच्या जत्रेतली गंमत सांगत होतं, हशा उठला. "हौसेराव, या की भाईर," हाक आली.

ते दाराकडे बघत राहिले, घास हातातच. पुतळाला ते बघवेना. ती दार लोटायला उठली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बोलनं तेवडं कानावर येऊ दे."

तिने दार उघडंच ठेवलं.