न दाखवलेले कोपर

चिमण्याचे उजवे कोपर पूर्ण सरळ होत नसे. लहानपणी भिंतीवरून पडून मोडलेले हाड ज्याने बसवले, त्याने ते घाईत बसवले होते. तेव्हापासून हात ताठ करू गेले की शेवटच्या टप्प्यावर हाडाला हाड अडे आणि हात किंचित वाकडाच राही. एरवी याने कोणाचे काही अडले नसते. पण वजन उचलणाऱ्याने बार डोक्यावर धरला की दोन्ही कोपरे ताठ दिसावी लागतात. तिघांपैकी दोन पंचांना ती तशी दिसली नाहीत, की लाल दिवे लागतात आणि उचललेले वजन उचललेच नाही असे धरले जाते.

यावर उतारा नियमातच होता. ज्याचे कोपर सरळ होत नाही, त्याने स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ते पंचांना दाखवायचे, एवढेच. चिमण्याची ताई संघाची डॉक्टर होती. सरावाच्या खोलीत, खडूच्या पुडीने पांढऱ्या झालेल्या त्या हाताला धरून, ती त्याला पंचांकडे घेऊन निघाली होती. आडवे आले मामा.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ आणि चिमण्याचे प्रशिक्षक. मूठभर जन्मलेल्या भाच्याला चिमण्या हे नाव त्यांनीच ठेवले होते, आणि दारातून तिरके शिरावे लागेल इतका रुंदही त्यांनीच केला होता.

"दाखवायचं नाही," मामा म्हणाले. "मागच्या स्पर्धेत दाखवलं, काय झालं? तिघेही त्या कोपरालाच डोळे लावून बसले. लाल!"

"मामा, तेव्हा त्याचा गुडघा टेकला होता. लाल गुडघ्याला होता."

"तू पंचांच्या डोक्यात शिरून आलीस वाटतं?"

"तुम्ही आलात?"

"हे बघ डॉक्टरीणबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलं वैगुण्य आपणच मिरवायचं नसतं."

एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हे ताईला कळत होते. मामांना ते पटवता येणार नाही, हेही कळत होते. आईवडिलांच्या माघारी या दोघांना मामांनीच वाढवले होते. चिमण्याने एकदा मामांकडे पाहिले आणि हात सोडवून घेतला. "राहू दे ना ताई. त्यांना अनुभव आहे."

तिने राहू दिले. पंचांपैकी कोणीतरी त्याला पूर्वी पाहिले असेल, कोणाच्या तरी लक्षात असेल, असे तिने स्वतःला सांगितले. याला अनुमान म्हणत नाहीत, आशा म्हणतात, हे तिला त्याच क्षणी ठाऊक होते. सगळे स्पर्धक ओळीने पंचांपुढे उभे राहिले, ओळख झाली, ओळ मोडली.

पहिला प्रकार स्नॅचचा, म्हणजे जमिनीवरचा बार एका झटक्यात थेट डोक्यावर. दुसरा क्लीन अँड जर्क, आधी खांद्यावर आणि मग वर. दोन्हींच्या बेरजेवर क्रमांक. प्रत्येकाला तीन संधी. एका प्रकारातल्या तिन्ही वाया गेल्या, तर बेरीजच उरत नाही. दर चार वर्षांनी येणारे हे महाक्रीडामेळे चिमण्याच्या वयाला पुन्हा झेपणारे नव्हते. आजचा दिवस गेला की गेलाच.

पहिल्या खेपेला बार दगडी खांबावर ठेवावा तसा स्थिर राहिला. दोन लाल दिवे. दुसऱ्या खेपेला त्याहून स्थिर. पुन्हा दोन लाल.

ताई तडक पंचांवर देखरेख करणाऱ्या ज्युरींच्या टेबलाशी गेली. तिथला अधिकारी सभ्य होता. "हे ओळखीच्या आधी सांगायचं होतं, डॉक्टर. आता मी ऐकून घेतलं तर बाकीच्यांनी काय करायचं?" त्याचे काहीच चुकत नव्हते. वरातीमागून घोडे नाचवीत ती परत आली.

मामांच्या तोंडावरची रया गेली होती. त्यांनी तेवढेच वजन पुन्हा सांगितले होते. चिमण्या खुर्चीत बसून मुठीत खडू चोळत होता.

"सरळ हवाय ना त्यांना?" तो म्हणाला. "करतो सरळ."

"होत नाही तो, चिमण्या. आत हाड अडतं. मी मोजलंय."

"तू मोजलंस तेव्हा जोर कोण लावत होतं? तू! भाताच्या चिमटीएवढा तुझा जोर."

तो हसला, मामाही कसनुसे हसले, आणि पुकारा झाला. तिने त्याला अडवले नाही. ते हाड हटणार नाही अशी तिची खात्री होती. फार तर तिसरा लाल लागेल आणि प्रकरण मिटेल, एवढाच तिचा हिशेब होता.

बार वर गेला. उजवा हात नेहमी अडे त्या जागेपाशी आला. चिमण्याने डोळे मिटून खांदा मागे ओढला, आणि हात न थांबता पुढे गेला. सरळ झाला. रेघ मारावी तसा सरळ. तिने तो हात तसा कधीच पाहिला नव्हता. सभागृह उभे राहिले, पंचाने बार खाली टाकण्याची खूण केली, तीन पांढरे दिवे लागले.

"वा रे पठ्ठ्या!" मामा नाचू लागले. ताई पट्ट्यांची पेटी उघडत होती.

चिमण्या आला तो डाव्या हाताने उजवा हात धरून. "ताई, बघितलंस? झाला की नाही?"

"बोटं पसर."

करंगळी पसरली नाही. तिने पट्टीच्या वेष्टणाचा कागद त्याच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात अडकवला. "घट्ट धर," म्हणाली आणि ओढला. कागद अलगद निघून आला. हाडाचा अडणारा तुकडा तुटला होता आणि शेजारची नस त्याने दुखावली होती. किती, ते चिरल्याशिवाय कळणार नव्हते.

"बांध घट्ट," मामा म्हणाले. "जर्कला वेळ आहे अजून."

"जर्क होणार नाही."

"अगं, मग हे उचललेलं कशात धरायचं? बेरीज?"

"बेरीज नाही, मामा."

मामा तिच्या मागोमाग टेबलापर्यंत आले. आधी रागावले, मग हात जोडले, शेवटी नुसतेच उभे राहिले. संघाच्या डॉक्टरने माघार कळवली की पुढे प्रश्न विचारत नाहीत. तिने कळवली.

ती परतली तेव्हा चिमण्याच्या कोपराला सूज चढली होती. तिने हात आधाराच्या पट्टीत घेतला.

"ताई, तुटणार हे माहीत होतं तुला?"

"नाही."

"असतं तर थांबवलं असतंस?"

"हो."

"मग बरं झालं, माहीत नव्हतं ते."

तिने नखाने त्याच्या करंगळीच्या टोकाला टोचले आणि कळतंय का म्हणून विचारले. तो बाहेरच्या टाळ्या ऐकत होता. तिने पुन्हा टोचले, जरा जोरात.