लवंगेचा चिकटा

आमच्या ह्यांना, म्हणजे हार्जोनोंना, एकच नाद. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर लोक कबुतरं पाळतात, ह्यांनी हे पाळलं. आमच्या जावा बेटावरच्या कुदुस गावात असे नादखुळे बरेच आहेत. रविवारी ते कुंचोरोच्या दुकानात जमतात, कॉफी पितात, क्रेतेक म्हणजे आमच्याकडची लवंगी सिगारेट ओढतात आणि कोणाचा प्रोसेसर किती पळतो यावर तावातावाने भांडतात.

एक मात्र कबूल करते, हे काम ते फार जपून करत. वेग एकदम वाढवायचा नाही. एक पायरी चढवायची, वीज चिमटीने वाढवायची, मग त्याच्याकडून तासन्‌तास जड गणितं करून घ्यायची आणि तापमानावर डोळा ठेवायचा. आकडा ऐंशी अंशांच्या वर गेला की मुकाट्याने एक पायरी खाली. यंत्र सांगतं तेव्हा ऐकायचं, असं ते कुंचोरोकडे सगळ्यांना ऐकवायचे. आमच्याकडे बायकोला बू म्हणतात आणि नवऱ्याला बापाक. सकाळी आंघोळ करता करता मला हाक मारायचे, "बू, किती आहे?" आणि मी मिरचीचं सांबाल वाटता वाटता उठून पडद्यावरचा आकडा ओरडून सांगायची. बायको म्हणून माझी तेवढीच नेमणूक होती.

त्याच खोलीत माझं शिवणयंत्र. हे दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून एकीवर एक क्रेतेक ओढणार आणि मी शेजारी शिवत खोकणार. बाजारातून पिशवी घेऊन आले तरी धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, धुरात बसू नका, गेलेला श्वास परत मिळत नाही. मी घरी येऊन ते शब्दाला शब्द सांगितलं. ह्यांचं म्हणणं, मिरच्या तळतेस त्याचा ठसका आहे, खिडकी उघडत जा. आणि मी खिडकी उघडली की प्रोसेसरवर धूळ जाते म्हणून हेच ती लावून घेणार.

यंदा तो प्रोसेसर तापायला लागला. वेग तोच, वीज तीच, आणि आकडा ऐंशीच्या पुढे. ह्यांनी एक पायरी उतरवली, मग आणखी एक. ब्लोअरने बाहेरून धूळ उडवली. आतला पंखा सोडवायला मात्र तयार नव्हते, चालत्या यंत्राला उगीच हात लावायचा नाही म्हणून. कुंचोरोकडे जाणं बंद झालं. मी सोतो केला तर म्हशीच्या मटणाचे तुकडे बाजूला सारून नुसता रस्सा प्यायचे. मला त्यांची दया यायला हवी होती. मला रागच आला.

शेवटी कारखान्याच्या वेगावर आणूनही आकडा उतरेना, तेव्हा प्रोसेसर म्हातारा झाला असं ठरवून तो बदलायला त्यांनी एका दुपारी पेटी उघडली. मी बॅटरी धरून उभी होते. पंखा निघाला आणि मागच्या पातळ पत्र्यांच्या जाळीत तपकिरी चिकटा दिसला. फटी पार बुजलेल्या, वर धुळीचा थर.

कसलं तेल गळलंय, असं ते पुटपुटले. मी बोटावर घेऊन वास घेतला. लग्नाआधी मी कारखान्यात क्रेतेक वळत होते, तो वास मी विसरणं शक्य नाही.

"तेल नाही," मी म्हटलं. "तुमची क्रेतेक आहे."

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन आम्ही ती जाळी घासली. कापसाचा ढीग तपकिरी झाला. सगळं परत जोडून ह्यांनी भीतभीत जुना वेग लावला, चाचणी चालवली. आकडा अडुसष्टवर थांबला. माणूस लहान मुलासारखा हसला. मग गंभीर चेहऱ्याने राखेची वाटी उचलली आणि जाहीर केलं की आजपासून या खोलीत धूर नाही.

माझं डोकंच फिरलं. "ह्याच्यासाठी एका दुपारात? मी दोन वर्षं सांगतेय."

ते गोंधळले. "त्याचा आकडा दिसतो गं. तुझा दिसत नाही."

"दिसत नसेल, ऐकू तर येतो ना, बापाक? हाच चिकटा माझ्या छातीत आहे. आणि ती सोडवून ब्रशने घासता येत नाही."

ते वाटी हातात धरून त्या कापसाकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवसापासून ते फाटकापाशी उभे राहून ओढू लागले. खिडकीही उघडी राहू लागली.

मग एका सकाळी फाटकापासून हाक आली, "बू, किती आहे?"

मी सवयीने पडद्याकडे वाकले. "अडुसष्ट."

थोड्या वेळाने तेच दारात आले. हातात क्रेतेक नव्हती.

"त्याचं नाही विचारलं. रात्री खोकत होतीस. आता किती आहे?"

मला आकडा सांगता येईना. "कालच्यापेक्षा कमी," मी म्हटलं.

चाचणी पार पडल्यावर डोलावतात तशी त्यांनी मान डोलावली. "मग मीही एक पायरी उतरतो," म्हणाले, आणि खिशातल्या पाकिटातून त्या दिवसाची एक क्रेतेक काढून त्यांनी माझ्या शिवणयंत्रावर ठेवली.